फी माफ झाली, पण होमवर्कच्या कोडचं काय?

या वेळचं पत्र न्यू जर्सीतून आलंय. ओळख लपवून आणि थोडं कमी करून देतेय.

"ताई, मी १९ वर्षांची आहे, एडिसनला राहते. काकांनी केलेल्या अर्जावर आमचं ग्रीन कार्ड झालं आणि चार वर्षांपूर्वी आम्ही सातारा जिल्ह्यातून इकडे आलो. बाबा बारावी, आई नववी. बाबा वेअरहाऊसमधे रात्रपाळी करतात, आई इंडियन ग्रोसरीच्या किचनमधे पोळ्या लाटते. हायस्कूलच्या काउन्सेलर मॅडमनी फॉर्म भरून दिला म्हणून मी कम्युनिटी कॉलेजला (इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला) गेले, फी लागली नाही. आठवड्याला २८ तास मी एका फार्मसीच्या काउंटरवर असते. पहिल्या सेमिस्टरला चार कोर्स घेतले, १३ क्रेडिट (कोर्स किती मोठा ते क्रेडिटमधे मोजतात). इंग्लिश आणि सायकॉलॉजीत बी, मॅथ्समधे एफ, हिस्टरी शिफ्टमुळे मधेच सोडली. मॅथ्सच्या ऑनलाइन होमवर्कचा कोड सव्वाशे डॉलरचा होता, दोन आठवडे फुकट चालला मग बंद पडला, मी घेतलाच नाही. कॉलेजकडून थोडे पैसे परत आले होते ते गाडीच्या इन्शुरन्सला गेले. जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, १.८ आलाय आणि आता मेल आलीये की माझी फायनान्शियल एड वॉर्निंगवर आहे. घरी सांगितलं नाहीये. बाबा पुढच्या वर्षीचा मदतीचा फॉर्म भरायला तयार नाहीत, म्हणतात सरकारचं फुकटचं नको आणि आपली माहिती कशाला द्यायची. गणपतीत एका काकूंनी विचारलं तर मी रटगर्सला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत, आहे असं सांगून टाकलं. माझ्यात डोकंच नाही असं वाटतं. फुल टाइम जॉब घेऊ का?"

अगं पोरी, आधी त्या मेलचं बोलूया कारण तुझी झोप तिनेच उडवलीये. वॉर्निंग म्हणजे मदत बंद झाली असं नाहीये. वॉर्निंगवर असताना पुढच्या सेमिस्टरचे पैसे मिळतात, त्यासाठी वेगळा अर्जही करावा लागत नाही, म्हणजे आता जानेवारीत जे सेमिस्टर सुरू होतंय त्याला तुझी पेल ग्रँट, म्हणजे फेडरल सरकारची परत न द्यायची मदत, चालू राहणार. सेमिस्टर संपलं की परत हिशोब होतो आणि तेव्हाही जमलं नसेल तर मात्र मदत थांबते, आणि थांबली तरी अपील करता येतं, घरात आजारपण होतं, शिफ्ट बदलली, असं काही खरं कारण कागदासकट दाखवलं तर ऐकून घेतात. मी न्यू जर्सीतल्याच एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं ॲडव्हायझर होते. ही मेल वाचून कोणाला काही न विचारता गुपचूप कॉलेज सोडून गेलेली मुलं मी पाहिलीयेत, महिन्याभराने फोन केला की म्हणायची मॅम माझे पैसे बंद झाले ना, आणि ते बंद झालेलेच नसायचे. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुझं पत्र आल्या दिवशीच उत्तर लिहायला बसलेय.

आता हिशोब बघ, तो इतका काही अवघड नाहीये. बहुतेक कॉलेजांत दोन गोष्टी बघतात, जीपीए निदान २.० आहे का आणि जेवढी क्रेडिट घेतली त्यातली ६७ टक्के पास झालीस का. तू १३ घेतलीस, ६ पास झालीस, म्हणजे ४६ टक्के. सोडलेली हिस्टरी पण घेतलेल्यात धरतात, हे कोणी आधी सांगत नाही. या सेमिस्टरला १२ घेऊन १२ पास झालीस तर एकूण २५ पैकी १८, म्हणजे ७२ टक्के, सुटलीस. आणि ९ च घेतलीस आणि ९ च्या ९ पास झालीस तरी २२ पैकी १५ होतात, ६८ टक्के, तरी सुटलीस. मॅथ्स परत घेतलंस तर बऱ्याच कॉलेजांत नवीन ग्रेड जुन्या एफच्या जागी बसते, त्यामुळे जीपीए पटकन वर येतो, तुमच्याकडे नियम कसा आहे ते मात्र विचारून घे. म्हणजे एका सेमिस्टरचं काम आहे हे.

आणि डोक्याचं म्हणशील तर मला तुझ्या पत्रात कुठेच डोकं कमी दिसलं नाही. चार वर्षांपूर्वी मराठी शाळेतून आलेली मुलगी कॉलेजच्या इंग्लिशमधे बी आणते. मॅथ्समधे तू नापास झालीस कारण तिसऱ्या आठवड्यापासून तुझा होमवर्क उघडतच नव्हता आणि प्रत्येक आठवड्याला शून्य पडत होतं. तो कोड म्हणजे काय ते वाचकांपैकी ज्यांची मुलं इकडे कॉलेजात नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पूर्वी कसं सीनियरचं जुनं पुस्तक घेऊन, झेरॉक्स काढून भागायचं, आता बऱ्याच कोर्सचा होमवर्क प्रकाशकाच्या वेबसाइटवर असतो आणि तिथे शिरायला प्रत्येक मुलाला नवा कोड विकत घ्यावा लागतो, तो कोणाचा वापरलेला चालत नाही, लायब्ररीत मिळत नाही. फी माफ आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि पोरगी सव्वाशे डॉलरवर अडते. आणि सांगणार कोणाला, बाबांना सांगितलं तर ते म्हणणार कॉलेज फुकट आहे ना मग हे कसले पैसे.

पण तू त्या मॅथ्सच्या प्रोफेसरना दोन ओळींची मेल टाकली असतीस की माझ्याकडे कोडचे पैसे नाहीत, तर फुकटची मुदत वाढवून मिळते का ते त्यांनी प्रकाशकाकडे विचारलं असतं. नाही तर तुला फायनान्शियल एडच्या ऑफिसात पाठवलं असतं, तिथे पुस्तकांसाठी व्हाउचर मिळतं, म्हणजे तुझ्या येणाऱ्या ग्रँटमधलेच पैसे कॉलेजच्या बुकस्टोअरमधे आधी वापरायला देतात. बऱ्याच कॉलेजांत इमर्जन्सी ग्रँट पण असते, दोनतीनशे डॉलरची, परत न द्यायची. हे सगळं त्याच इमारतीत होतं गं. मी तुला दोष देत नाहीये, मला पण हे कळायला वेळ लागला होता. मी लग्न होऊन सोलापूरहून आले, बारावी शिकलेली, आणि २७ व्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात गेले. सिलॅबसवर ऑफिस अवर्स म्हणून वेळ लिहिलेली असायची, मला वाटायचं त्या वेळात सर ऑफिसात कामात असतात, तेव्हा त्यांना त्रास द्यायचा नाही. आख्खं सेमिस्टर मी त्या वेळेला पार्किंगमधे गाडीत बसून एकटीच गणितं सोडवायचे. ती वेळ मुलांनी येऊन विचारावं म्हणूनच ठेवलेली असते हे ज्यांच्या घरात कोणीतरी कॉलेज केलंय त्यांना न सांगता माहीत असतं, आपल्याला नसतं.

यालाच इकडे फर्स्ट जनरेशन म्हणतात. सरकारी व्याख्या अशी आहे की आई-वडिलांपैकी कोणाकडेही बॅचलर्स डिग्री नाही, आणि तू त्यात बसतेस. हा शब्द आपल्या लोकांना कमीपणाचा वाटतो, तू मात्र तो बिनधास्त वापर कारण त्या शब्दावर दारं उघडतात. फेडरल सरकारचा ट्रायो म्हणून कार्यक्रम आहे, त्यातलं स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस १९६८ पासून नेमकं तुझ्यासारख्या मुलांसाठी चालतं, शिकवणी, कोर्स निवडायला मदत, पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जायची तयारी. सगळ्या कॉलेजांत नसतं ते, तुमच्याकडे आहे का विचार. आणि न्यू जर्सीचं स्वतःचं ईओएफ आहे, एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी फंड, १९६७ मधे नेवार्कला जो उद्रेक झाला त्याच्यानंतर पुढच्याच वर्षी राज्याने सुरू केलेलं. त्यात ग्रँट मिळतेच पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझ्या नावाचा एक काउन्सेलर मिळतो जो तुझी ग्रेड पडली की स्वतःहून बोलावतो. साधारणपणे पहिल्या वर्षाच्या आधी घेतात, पण मधे जागा असेल तर घेता का असं जाऊन विचारायला तुला काहीही लागत नाही.

त्या एका माणसाने किती फरक पडतो ते नदीपलीकडे न्यूयॉर्कमधे दिसलंय. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे क्युनीने, २००७ मधे आपल्या कम्युनिटी कॉलेजांत असॅप नावाचा कार्यक्रम काढला. त्यात काय दिलं बघ, ग्रँटमधून उरलेली फी भरली, पुस्तकं दिली, सबवे-बसचं मेट्रोकार्ड फुकट दिलं आणि एक ॲडव्हायझर दिला ज्याच्याकडे साठ ते ऐंशीच मुलं. एरवी त्याच कॉलेजांत एका ॲडव्हायझरमागे सहाशेच्या वर मुलं होती, तो कोणाकोणाला ओळखणार? बदल्यात मुलांनी फुल टाइम शिकायचं आणि ॲडव्हायझरला नियमित भेटायचं. मग एमडीआरसी नावाच्या संस्थेने चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलांची दोन गटांत वाटणी करून तीन वर्षं बघितलं, सगळी कमी उत्पन्नाची, सगळ्यांना आधी कच्चे विषय पक्के करणारे रेमेडियल कोर्स करायला लागणार होते. नेहमीच्या गटात शंभरातली २२ डिग्री घेऊन बाहेर पडली, असॅपमधली ४०. नंतर ओहायोतल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी तेच करून बघितलं आणि तिथेही डिग्री घेणारे असेच वाढले. वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली, म्हणजे हुशार मुलं एका गटात आणि मठ्ठ दुसऱ्यात असं नव्हतं, फरक मेट्रोकार्डाचा आणि विचारणाऱ्या माणसाचा होता. मी ॲडव्हायझर असताना हे वाचलं आणि माझ्या यादीतली मुलं डोळ्यापुढे आली, त्यांच्यातल्या कितीजणांची नावंसुद्धा मला पाठ नव्हती.

आता पैशाचं नीट समजून घे म्हणजे पुढच्या वेळी इन्शुरन्सला जाणार नाहीत. फाफ्सा, म्हणजे मदतीसाठीचा तो सरकारी फॉर्म, भरला की आधी फेडरल पेल ग्रँट येते, २०२५-२६ ला ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे, मग राज्याची टॅग (ट्युशन एड ग्रँट), आणि फीचा जो भाग अजून राहिला असेल तो न्यू जर्सीची कम्युनिटी कॉलेज अपॉर्च्युनिटी ग्रँट भरते, घरचं वर्षाचं उत्पन्न ६५,००० डॉलरपर्यंत असेल तर. ही शेवटची ग्रँट फक्त उरलेलं भोक बुजवते, हातात काही देत नाही. पण पेलचे पैसे फी वळती करून उरले तर ते तुझ्या हातात येतात आणि ते पुस्तकं, कोड, बसभाडं, पेट्रोल, जेवण यासाठीच असतात. गाडी तू कॉलेजला जायला वापरत असशील तर इन्शुरन्सला गेले म्हणून पाप नाही झालं, फक्त पुढच्या वेळी पैसे आल्या दिवशी पहिला कोड घे, बाकी मग. शक्य असेल तर असे सेक्शन शोध जिथे पुस्तक फुकट आहे, बऱ्याच कॉलेजांच्या वेळापत्रकात त्यावर खूण असते. आणि कॅम्पसवर फूड पँट्री, म्हणजे फुकट किराणा मिळायची जागा, असेल तर संकोच न करता जा.

नोकरी. १२ क्रेडिट म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला साधारण ३६ तास धरतात, त्यात तुझे २८ मिळवले तर ६४ झाले, आणि घरी आल्यावर भांडी-स्वयंपाकात हात लावत असणारच तू. हे कोणालाही झेपणारं नाहीये. माझं म्हणणं असं की फार्मसीचे तास १८-२० वर आणता आले तर १२ क्रेडिट घे, कॉलेजात वर्क-स्टडीची, म्हणजे मदतीचाच भाग म्हणून मिळणाऱ्या कामाची, जागा मिळते का बघ, लायब्ररीत किंवा ट्युटरिंग सेंटरला, तिथे परीक्षेच्या आठवड्यात सांभाळून घेतात आणि येण्याजाण्याचा वेळ वाचतो. तास कमी करणं घरच्या भाड्यामुळे शक्यच नसेल तर सरळ ९ घे. काही लोक म्हणतील फुल टाइमच राहा नाहीतर टॅगची रक्कम बदलेल, पेलही क्रेडिटच्या प्रमाणात कमी होते, हे सगळं खरं आहे पण १३ घेऊन ६ पास होणं त्याहून महाग पडलंय तुला. ती शेवटची ग्रँट सहा क्रेडिटपर्यंतही मिळते, त्यामुळे ९ वर फी अंगावर येणार नाही. फक्त बदल करायच्या आधी एडच्या ऑफिसात जाऊन नेमका आकडा काढून घे.

आणि कॉलेज सोडून फुल टाइम जॉबचं म्हणशील तर एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करू नकोस, सेमिस्टर सुरू करून मधेच सगळे कोर्स टाकून निघून जाऊ नकोस. ६० टक्के सेमिस्टर व्हायच्या आत, म्हणजे १५ आठवड्यांचं असेल तर नवव्या आठवड्याच्या आत सगळंच सोडलं तर पेलमधला काही भाग परत द्यावा लागतो, आणि तो कॉलेजची थकबाकी म्हणून तुझ्या नावावर बसतो, ती फेडेपर्यंत पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवू देत नाहीत. एकेक कोर्स सोडायचा झाला तरी आधी ॲडव्हायझर, मग बटण.

बाबांचं आता. तू म्हणतेस ते सातारा जिल्ह्यातले, तर कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव त्यांना मी सांगायला नकोच. कर्मवीरांनी १९१९ मधे कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि मग साताऱ्याला सगळ्या जातीच्या पोरांचं वसतिगृह, कारण त्यांना दिसत होतं की शाळेची फी माफ केली तरी खेड्यातल्या पोराला राहायला जागा आणि खायला भाकरी नसेल तर तो शिकणार कसा. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. ते अन्न खाऊन शिकलेल्या पोरांना कोणी फुकटे म्हटलं नाही, ती पोरं कमवा आणि शिका म्हणत शेतात राबायची, बांधकामावर दगड उचलायची, जशी तू काउंटरला उभी राहतेस. पेल ग्रँट काय आणि मेट्रोकार्ड काय, त्या भाकरीचंच काम करतात. आणि ते पैसे आभाळातून पडत नाहीत, तुझे बाबा रात्रभर खोकी उचलून जो टॅक्स भरतात त्यातले आहेत, हे त्यांना सांग, माझं नाव सांगून सांग हवं तर.

माहितीचा मुद्दा मात्र मी हलका धरत नाही, परक्या देशात आलेल्या माणसाला कागदाची भीती वाटणारच. पण फॉर्ममधे उत्पन्नाचे आकडे आयआरएसकडूनच, म्हणजे टॅक्स खात्याकडूनच, ओढले जातात, जी माहिती बाबा दर एप्रिलमधे स्वतः सही करून सरकारला देतात तीच. तुम्ही सगळे ग्रीन कार्डवर आहात म्हणजे ही मदत घेण्याचा तुझा हक्क आहे, पेल ग्रँट शिक्षणाची आहे आणि उद्या नागरिकत्वाचा अर्ज केलात तर त्याला पब्लिक चार्जची, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून नसण्याची, अट नसते. तरी बाबांच्या मनात पाल चुकचुकत असेल तर कायदेशीर मदत देणाऱ्या एखाद्या संस्थेत वकिलाला एकदा विचारून या, व्हॉट्सॲपवर कोणी काय फॉरवर्ड केलं त्यावर जाऊ नका. आईबाबा टॅक्स एकत्र भरत असतील तर फॉर्मला दोघांपैकी एकाचंच खातं आणि संमती पुरते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आई करू शकते. पण बाबांच्या पाठीमागे नको करूस. सुट्टीच्या दिवशी त्यांची झोप झाल्यावर चहा घेऊन शेजारी बस आणि प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखव, त्यांना फॉर्मपेक्षा आपल्याला कळत नाहीये याचाच जास्त त्रास होत असेल असं मला वाटतं. ज्यांना आधी टॅग मिळालीये त्यांची पुढच्या वर्षासाठीची राज्याची मुदत १५ एप्रिल असते, ती चुकवू नकोस.

रटगर्सचं. तू खोटं बोललीस त्याबद्दल मी ओरडणार नाहीये, त्या वेळी तोंडातून काय निघतं ते मला माहितीये, मी स्वतः दोन वर्षं मंडळात क्लास करते एवढंच सांगायचे. पण तुला हे माहीत असू दे की न्यू जर्सीत कायदा आहे, कम्युनिटी कॉलेजची एए किंवा एएस ही दोन वर्षांची डिग्री पूर्ण करून राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत गेलीस तर तुझी सगळी क्रेडिट तिथे धरावी लागतात. तिसरं वर्ष तिथून, आणि डिग्रीवर नाव त्याच युनिव्हर्सिटीचं. उत्पन्न ६५,००० च्या आत असेल तर गार्डन स्टेट गॅरंटीत तिसऱ्या-चौथ्या वर्षाची फीसुद्धा सुटते. आकडे काही फार गोड नाहीत, अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जातात आणि सहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करणारे शंभरात सोळाच्या आसपास. बरीच गळती होते ती असल्याच कारणांनी, कोड, शिफ्ट, न समजलेली एखादी मेल. म्हणून ट्रान्सफरचा प्लॅन आत्ताच, या सेमिस्टरला ॲडव्हायझरसमोर बसून कागदावर काढ, कुठले कोर्स कुठे लागतील ते, नाहीतर भलतेच कोर्स करून वर्ष जातं.

शिष्यवृत्त्यांचं थोडक्यात. सगळ्यात आधी तुमच्या कॉलेजच्या फाउंडेशनचा फॉर्म भर, बऱ्याच ठिकाणी एका फॉर्मवर अनेक शिष्यवृत्त्यांसाठी नाव जातं आणि स्पर्धा आख्ख्या देशाशी नसते. निबंधात मोठे शब्द नकोत, आईच्या पोळ्या आणि तुझा बंद पडलेला होमवर्क लिही, एफ लपवू नकोस, त्यानंतर काय केलंस ते लिही. जीपीए ३.५ कडे गेला की फाय थीटा कॅपा नावाची दोन वर्षांच्या कॉलेजांची ऑनर सोसायटी बोलावते, तिच्या सभासदांना ट्रान्सफरच्या वेळी बऱ्याच युनिव्हर्सिटी वेगळी शिष्यवृत्ती देतात. जॅक केंट कुक फाउंडेशनची तर कम्युनिटी कॉलेजमधून जाणाऱ्यांसाठी वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत आहे, फार थोड्यांना मिळते, आज तुझ्यासाठी लांबची गोष्ट आहे पण आहे हे माहीत असावं. आणि शिष्यवृत्ती मिळवून देतो आधी एवढे भरा असं म्हणणारा कोणीही, आपल्या ओळखीतला असला तरी, त्याला एक डॉलर देऊ नकोस. फाफ्साला पैसे लागत नाहीत.

तर आता असं कर. वर्ग सुरू व्हायच्या आधी, शिफ्ट नसेल त्या सकाळी, ती वॉर्निंगची मेल छापून घे आणि फायनान्शियल एडच्या ऑफिसात जा. तिथे तीन प्रश्न विचार, या सेमिस्टरला माझी मदत चालू आहे ना, ९ आणि १२ क्रेडिटला प्रत्येकी किती मिळेल आणि पुस्तकांचं व्हाउचर कधी मिळेल. तिथून ॲडव्हायझिंगला, तिथे म्हण मी फर्स्ट जनरेशन आहे, ईओएफ किंवा ट्रायो इथे कुठे आहे. एवढंच वाक्य पाठ करून जा, बाकी ते विचारतील. कोणी तोडून बोललं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीत जा, ऑफिसात एक तरी माणूस बसून ऐकणारा असतो, मी त्या खुर्चीत बसलेय म्हणून सांगते. आणि मॅथ्सच्या नवीन प्रोफेसरना पहिल्याच आठवड्यात ऑफिस अवर्समधे भेट, प्रश्न नसला तरी भेट, मी मागच्या सेमिस्टरला नापास झाले आणि या वेळी व्हायचं नाहीये असं सांग.

घरी आईला आधी सांग. तिला मेल वाचता येणार नाही पण तू तीन महिने कशी राहिलीयेस ते तिने पाहिलेलं असणार. आणि त्या ऑफिसात काय म्हणाले ते मला कळव, ९ घेतलीस का १२ ते पण, मी वाट बघतेय.